पुन्हा पाहिलेल्या विज्ञानकथा मालिका: एका सवयीचा इतिहास

दूरचित्रवाणीवरची विज्ञानकथा मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहायची, भागांची तुलना करायची आणि जुने मत तपासून घ्यायचे, ही सवय अमेरिका व ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात रुजली. दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात कार्यक्रम एकदा प्रक्षेपित झाला की संपला, असेच निर्माते, वाहिन्या आणि प्रेक्षक धरून चालत. पुनर्दर्शनासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. कार्यक्रम टिकाऊ माध्यमावर साठवलेला असावा लागतो, तो पुन्हा दाखवण्याचे हक्क मोकळे असावे लागतात आणि दाखवणे कोणाला तरी परवडावे लागते. गेल्या सत्तर वर्षांत या तीन गोष्टी जशा बदलल्या, तशी चाहत्यांची पाहण्याची रीत बदलली आणि मालिकांविषयीची मतेही बदलली. आज अभिजात म्हणून गणल्या जाणाऱ्या बऱ्याच विज्ञानकथा मालिकांची कीर्ती पहिल्या प्रक्षेपणात नव्हे, तर फेरप्रक्षेपणात तयार झाली आहे.

फिल्मवर टिकलेल्या मालिका

१९५० च्या आसपास अमेरिकेतील बहुतेक कार्यक्रम स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत. ड्यूमाँट नेटवर्कवरील ‘कॅप्टन व्हिडिओ’ (१९४९–५५) ही मुलांची अंतराळमालिका अशीच थेट सादर होई. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून अशा कार्यक्रमांच्या प्रती घेतल्या जात, पण त्या धूसर असत आणि जपल्याही जात नसत. ‘कॅप्टन व्हिडिओ’चे फारच थोडे भाग आज पाहायला मिळतात.

हे चित्र पालटायला एक विनोदी मालिका कारणीभूत झाली. लुसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या दांपत्याच्या देसिलू कंपनीने १९५१ पासून ‘आय लव्ह लुसी’ ३५ मिलिमीटर फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केली. त्यामुळे प्रत्येक भागाची स्वच्छ प्रत हाती राहिली आणि ती पुन्हा दाखवता आली, विकता आली. फिल्मवर केलेला खर्च फेरप्रक्षेपणातून वसूल होतो, हे हॉलिवुडला त्यातून कळले. रॉड सर्लिंग यांच्या ‘द ट्वायलाइट झोन’चे (१९५९–६४) १५६ भाग याच रीतीने जवळजवळ सर्व फिल्मवर तयार झाले. खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या पर्वातील सहा भाग मात्र व्हिडिओ टेपवर घेतले गेले, आणि पुन्हा पाहताना त्यांचा सपाट, नाटकी उजेड आजही लगेच वेगळा ओळखू येतो. १९९५ पासून अमेरिकेतील साय-फाय वाहिनी वर्षअखेरीस या मालिकेचे भाग एकापाठोपाठ एक दाखवत आली आहे.

स्टार ट्रेकचे फेरप्रक्षेपण

पुनर्दर्शनाची सवय खऱ्या अर्थाने लावली ती ‘स्टार ट्रेक’ने. जीन रॉडेनबरी यांची ही मालिकाही देसिलूनेच बनवली. एनबीसी नेटवर्कवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला. प्रेक्षकसंख्या बेताचीच राहिली. दुसऱ्या पर्वानंतर मालिका बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा ब्यो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. नेटवर्ककडे पत्रांचा इतका ओघ लागला की १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहणार असल्याचे पडद्यावरूनच जाहीर करावे लागले. तिसऱ्या पर्वाला मात्र शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, म्हणजे ज्या तरुण प्रेक्षकांना मालिका आवडत होती ते नेमके घराबाहेर असण्याची. खर्चालाही कात्री लागली. ३ जून १९६९ रोजी ७९ वा भाग दाखवून मालिका संपली.

तिचे दुसरे आयुष्य याच सुमारास सुरू झाले. कायझर ब्रॉडकास्टिंग या कंपनीने फिलाडेल्फिया, बोस्टन, डेट्रॉइट आदी शहरांतील आपल्या केंद्रांसाठी मालिकेचे हक्क आधीच घेऊन ठेवले होते. इतर वाहिन्यांवर संध्याकाळच्या बातम्या चालू असताना या केंद्रांनी रोज एक भाग दाखवायला सुरुवात केली. बातम्यांत रस नसलेली शाळा-कॉलेजातली मुले तिकडे वळली. ७९ भाग रोज एक याप्रमाणे साडेतीन-चार महिन्यांत संपत आणि केंद्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याला जे जाणवत नाही ते रोज पाहणाऱ्याला जाणवू लागले. पात्रांच्या लकबी, संवादांतले धागे, ग्रहांची नावे, नियमांची पोटकलमे मुलांना तोंडपाठ झाली.

जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात या मालिकेच्या चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले. काही शे लोक येतील असा संयोजकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात तीन हजारांवर आले. मालिका बंद पडून तेव्हा अडीच वर्षे झाली होती, आणि आलेल्यांपैकी अनेकांनी ती फेरप्रक्षेपणातच पाहिली होती. १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइझ’ हे मालिकेतील यानाचे नाव मिळाले. १९७९ मध्ये चित्रपट आला. कलाकारांच्या पदरी मात्र या लोकप्रियतेतून थोडेच पडले, कारण त्या काळच्या करारांनुसार ठरावीक फेरप्रक्षेपणांपुरतेच मानधन मिळत असे.

रोजच्या दर्शनातून एक प्रकारची चिकित्सा जन्माला आली. ब्यो ट्रिंबल यांनी सर्व भागांतील पात्रे, ठिकाणे आणि यंत्रे यांची सूची असलेला संदर्भग्रंथ तयार केला. तो आधी चाहत्यांपुरता छापला गेला आणि १९७६ मध्ये व्यावसायिक प्रकाशनाने काढला. विसंगतीही याच काळात टिपल्या गेल्या. कप्तान कर्कचे पूर्ण नाव जेम्स टी. कर्क असे सर्वज्ञात आहे, परंतु अगदी सुरुवातीच्या एका भागात त्याच्या नावाने उभ्या केलेल्या थडग्यावर जेम्स आर. कर्क असे कोरलेले दिसते. एकदाच पाहून सोडून देणाऱ्याच्या हे लक्षात येणे अवघड होते.

भागांची प्रतवारीही पक्की झाली. पहिल्या पर्वातील ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ बहुतेक याद्यांत अग्रभागी राहिला, तर तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग ‘स्पॉक्स ब्रेन’ थट्टेचा विषय झाला. तिसरे पर्व एकूणच दुबळे, हे मत फेरप्रक्षेपणाच्या काळात जे बसले ते फारसे हलले नाही. या काळात एक अडचणही होती. स्थानिक केंद्रे जास्त जाहिराती बसवण्यासाठी प्रत्येक भागातून काही मिनिटे कापत. म्हणजे एका पिढीने जी मालिका पाठ केली ती अपुरी होती.

डॉक्टर हू आणि पुसलेल्या टेप

ब्रिटनमध्ये नेमके उलटे घडले. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ सुरू केली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, आणि ब्रिटनमध्ये काही ठिकाणी वीजही गेली होती. त्यामुळे पहिला भाग पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवला गेला. पण असे फेरप्रक्षेपण हा अपवाद होता. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. मालिका व्हिडिओ टेपवर तयार होई, टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. परदेशी विक्रीसाठी १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रती काढल्या जात. १९७० पासून मालिका रंगीत झाल्यावर जुन्या कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. परिणामी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७८ पर्यंत टेप पुसल्या गेल्या आणि फिल्मच्या प्रती मोडीत निघाल्या. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले होते. त्यांतले नव्वदहून अधिक आज उपलब्ध नाहीत.

पुन्हा पाहता न येणाऱ्या मालिकेभोवती चाहत्यांनी पर्याय उभे केले. काही मुलांनी प्रक्षेपणाच्या वेळी दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज मुद्रित केला होता. अशा मुद्रणांमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाने जुन्या कथा कादंबरीरूपात छापल्या, त्यांतल्या साठाहून अधिक टेरन्स डिक्स यांनी लिहिल्या. ब्रिटिश मुलांच्या एका पिढीसाठी ‘डॉक्टर हू’चे पुनर्दर्शन म्हणजे प्रत्यक्षात वाचनच होते.

स्मरणावर बांधलेली मते किती टिकतात याची परीक्षा १९९२ मध्ये झाली. १९६७ ची ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची कथा हरवलेली होती, आणि जुने प्रेक्षक तिला मालिकेतील सर्वश्रेष्ठ कथांत गणत. हाँगकाँगहून तिच्या चारही भागांच्या प्रती परत आल्या आणि त्या वर्षी कॅसेट बाजारात आली. गोठलेल्या थडग्यांतून सायबरमेन बाहेर पडतात ते दृश्य आणि डॉक्टरच्या भूमिकेतील पॅट्रिक ट्राउटन यांचा अभिनय अपेक्षेला उतरला. पण संथ गती, माणसाला उचलणारी उघड दिसणारी तार आणि टोबरमन या कृष्णवर्णीय नोकराचे जवळजवळ मुके पात्र यांवर टीकाही झाली. कथेचे स्थान घसरले नाही, मात्र तिच्याभोवतीचे वलय कमी झाले. २०१३ मध्ये नायजेरियातील एका केंद्रातून आणखी नऊ भाग मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रवास उलट्या दिशेने झाला. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही तोवर सामान्य मानली गेलेली कथा पूर्ण पाहिल्यावर बरीच वरच्या क्रमांकावर गेली, कारण ट्राउटन यांची नायक आणि खलनायक अशी दुहेरी भूमिका केवळ आवाजावरून उमगत नव्हती.

कॅसेटची सत्ता

सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आले. घरबसल्या मुद्रण करणे हा हक्कांचा भंग आहे, असे म्हणत युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी सोनीवर खटला भरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, नंतर सोयीने पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण कायद्याला धरून आहे. पुनर्दर्शनाची किल्ली त्यामुळे वाहिनीच्या हातून प्रेक्षकाच्या हाती आली. भाग थांबवता येऊ लागला, मागे नेता येऊ लागला, एकच चौकट न्याहाळता येऊ लागली.

चाहत्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या वारंवार पाहण्याला मध्यवर्ती स्थान दिले. कथेचा शेवट माहीत असल्यावर प्रेक्षकाचे लक्ष ‘पुढे काय’ यावरून पात्रांच्या नात्यांकडे आणि कथेच्या जगाकडे वळते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. १९९३ मध्ये फिल फॅरंड यांचे ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधील चुका भागवार मोजणारे पुस्तक निघाले. कॅसेट नसती तर असे पुस्तक लिहिणेच शक्य नव्हते.

‘द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–९४) ही मालिकाच जुन्या फेरप्रक्षेपणाच्या यशावर उभी होती. पॅरामाउंटने ती कोणत्याही नेटवर्कला न देता थेट स्थानिक केंद्रांना विकली. तिच्या १७८ भागांविषयी चाहत्यांचे मत बरेचसे एकमुखी आहे. पहिली दोन पर्वे अवघडलेली, मायकेल पिलर यांनी लेखनाची सूत्रे घेतल्यानंतर तिसऱ्या पर्वापासून मालिका सावरली. नवख्याला तिसऱ्या पर्वापासून सुरुवात करायला सांगणारे चाहते पुष्कळ आहेत. तरीही दुसऱ्या पर्वातील ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा, यंत्रमानव डेटाला स्वतःवर हक्क आहे का याचा खटला मांडणारा भाग याला ठळक अपवाद ठरतो.

सलग कथानक आणि डीव्हीडी

१९९० च्या दशकापर्यंत बहुतेक मालिकांचा प्रत्येक भाग स्वतंत्र असे. केंद्रे भाग कोणत्याही क्रमाने दाखवू शकत, म्हणून निर्मात्यांनाही तेच सोयीचे होते. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन ५’मध्ये (१९९३–९८) पाच वर्षांचे एकच कथानक आधी आखून मालिका बांधली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. आपण राजदूत जी’कारच्या हातून मरणार असल्याचे स्वप्न राजदूत लोंडो पहिल्या पर्वाच्या आरंभीच सांगतो. त्याचा खरा अर्थ फार पुढे कळतो. पहिल्या पर्वातील ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’ भागाचा उलगडा तिसऱ्या पर्वात होतो. सुटे पाहताना सामान्य वाटलेले पहिले पर्व दुसऱ्या वेळी पेरणीचे पर्व म्हणून दिसते, हे या मालिकेबद्दलचे सर्वांत स्थिर मत आहे.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या आवृत्तीने (२००३–०९) याची दुसरी बाजू दाखवली. माणसांत मिसळलेले ‘शेवटचे पाच’ सायलॉन, म्हणजे माणसासारखी दिसणारी यंत्रे, कोण, हे लेखकांनी मालिका चालू असताना ठरवले. त्यामुळे सुरुवातीच्या भागांत सायलॉनांचा द्वेष करणारा आणि पुढे स्वतःच त्या पाचांपैकी एक निघणारा कर्नल टाय पुन्हा पाहताना नकळत उपरोधिक वाटतो, पण काही धागे जुळतही नाहीत. आधी आखलेली मालिका आणि चालता चालता घडलेली मालिका यांतला फरक पुनर्दर्शनात उघडा पडतो.

या सलग मालिकांना साजेसे माध्यम २००० च्या सुमारास आले. ‘द एक्स-फाइल्स’चे संपूर्ण पहिले पर्व त्या वर्षी डीव्हीडी संचात निघाले आणि मालिका पर्वानुसार विकण्याची पद्धत पडली. ‘फायरफ्लाय’ला तर डीव्हीडीनेच तारले. फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये ती भागांचा क्रम मोडून दाखवली आणि तयार १४ भागांपैकी ११ दाखवून बंद केली. पुढच्या वर्षी सर्व भाग योग्य क्रमाने डीव्हीडीवर आले, ते एवढे खपले की २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट निघाला.

नव्या प्रती, नवे वाद

मोठ्या आणि स्पष्ट पडद्यांमुळे जुन्या प्रती अपुऱ्या वाटू लागल्या. २००६ मध्ये मूळ ‘स्टार ट्रेक’च्या फिल्म स्वच्छ करून अंतराळातील दृश्ये संगणकावर नव्याने बनवली गेली. जुन्या प्रतिकृतींचे हाताने केलेले काम पुसले गेले, अशी तक्रार झाली. २००९ च्या ब्लू-रे संचात दोन्ही रूपे देऊन ती मिटवण्यात आली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ फिल्मवर चित्रित झाली असली तरी तिचे संकलन व्हिडिओवर झाले होते. मूळ निगेटिव्ह शोधून सातही पर्वे २०१२ ते २०१४ दरम्यान पुन्हा संकलित करावी लागली. हे काम एवढे खर्चिक ठरले की ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या ‘स्टार ट्रेक’ कुळातील पुढच्या मालिकांच्या वाट्याला ते आले नाही. ‘बॅबिलॉन ५’ची संगणकीय दृश्ये जुन्या आकाराच्या पडद्यासाठी कमी तपशिलात बनवलेली होती, म्हणून रुंद पडद्याच्या डीव्हीडीत ती कापलेली आणि भरड दिसतात.

‘डीप स्पेस नाइन’ची (१९९३–९९) प्रत सुधारली नाही, पण प्रतिष्ठा सुधारली. तिची शेवटची पर्वे एका युद्धाच्या लांब कथेत गुंतलेली आहेत. स्थानिक केंद्रांच्या बदलत्या वेळांमुळे १९९० च्या दशकात भाग चुकत आणि धागा तुटत असे. स्ट्रीमिंगवर सलग पाहता येऊ लागल्यावर अनेक चाहते तिला या कुळातील सर्वोत्तम म्हणू लागले. तिच्या जानेवारी १९९५ मधील ‘पास्ट टेन्स’ या दोन भागांत २०२४ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत बेघर आणि बेकार माणसांना कुंपणाआड ठेवलेले दाखवले आहे. २०२४ उजाडले तेव्हा हे भाग भविष्यवाणीची पडताळणी म्हणून पुन्हा पाहिले गेले.

स्ट्रीमिंगने साठवणुकीचा प्रश्न सोडवला, हक्कांचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे आठशेहून अधिक भाग आपल्या आयप्लेअरवर ठेवले, पण १९६३ ची पहिलीच कथा त्यांत नव्हती, कारण तिच्या लेखकाच्या वारसांशी हक्कांबाबत समझोता झाला नव्हता.

भारतातील चित्र

भारतात दूरदर्शनने १९८० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ दाखवली आणि १९८९ मध्ये तिच्या वळणाची ‘स्पेस सिटी सिग्मा’ स्वतः बनवून दाखवली. १९९८ मध्ये केतन मेहता यांची, मिलिंद सोमण यांची प्रमुख भूमिका असलेली ‘कॅप्टन व्योम’ आली. मात्र या मालिकांना अमेरिकेसारखे रोजचे फेरप्रक्षेपण मिळाले नाही, आणि म्हणून त्यांच्याविषयी भागवार चिकित्सेची परंपराही तयार झाली नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्या जोडीने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली, तेव्हा जुन्या मालिकांना प्रेक्षक आहे हे दिसून आले. मराठीत विज्ञानकथा १९७० च्या दशकापासून जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या लेखनातून बहरली, पण ती दिवाळी अंकांत आणि पुस्तकांत. मराठी रसिकाचे पुनर्दर्शन त्यामुळे मुख्यतः पुनर्वाचनच राहिले.

मतांचा निवाडा

अर्ध्या शतकाच्या या पुनर्दर्शनातून काही निष्कर्ष निघतात. स्पेशल इफेक्ट्स सर्वांत आधी जुने होतात आणि चाहते त्यांना सर्वांत आधी माफही करतात. सामाजिक दृष्टी मात्र सहज माफ होत नाही. १९६० च्या दशकात उहुरासारखी कृष्णवर्णीय अधिकारी यानाच्या नियंत्रणकक्षात दाखवणारी मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकाच आपल्या शेवटच्या भागात, स्त्री कप्तान होऊ शकत नाही अशा समजुतीवर कथा उभी करते, आणि ही विसंगती दर फेरीला अधिक खुपते. रहस्यावर उभे असलेले भाग दुसऱ्या वेळी फिके पडतात. पात्रांच्या निवडीवर उभे असलेले भाग वर येतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, मत बदलायला मालिका पुन्हा समोर यावी लागते. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ला न्याय मिळाला तो प्रत सापडल्यामुळे. ज्या मालिकांच्या मूळ प्रती जपल्या गेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल उरतात त्या केवळ आठवणी, आणि त्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्याचा मार्ग उरत नाही.